माशी कुठे शिंकली, हे विद्यार्थ्यालाच शोधू द्या

प्रश्न : संगणकाच्या पहिल्या वर्गाच्या प्रात्यक्षिकांना मदतनीस म्हणून काम करण्याचे माझे हे दुसरे सत्र आहे. अर्धे सत्र स्प्रेडशीट आणि अर्धे सत्र पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, असा अभ्यासक्रम आहे. असाइनमेंट जमा करण्याच्या आदल्या दिवशी दहा-बारा जण एकदम हात वर करतात आणि प्रत्येकाचे वाक्य एकच असते, 'मॅडम, चालत नाही.' वेळ नसतो म्हणून मी माउस हातात घेते, चूक दुरुस्त करते आणि पुढच्या टेबलाकडे वळते. पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी तीच चूक घेऊन समोर उभा असतो. एकदा ठरवून मी काहीच सांगितले नाही, तर एक मुलगी रडवेली होऊन निघून गेली. मदत केली तर ही मुले शिकत नाहीत आणि नाही केली तर मी निष्ठुर ठरते. नेमके किती सांगावे आणि कसे सांगावे?

उत्तर : तुमचा पेच खरा आहे, पण 'मदत करावी की करू नये' अशा शब्दांत तो मांडला तर तो सुटणार नाही, कारण दोन्ही टोकांना विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. तुम्ही माउस हातात घेता तेव्हा त्याला एवढेच दिसते, की पडद्यावर काहीतरी भराभर हलले आणि लाल अक्षरे गेली. तुम्हांला संशय कशावरून आला, आधी काय तपासले, कोणती शक्यता बाजूला सारली, हे सगळे तुमच्या डोक्यात घडले आणि तिथेच राहिले. शिकण्यासारखे होते ते नेमके तेवढेच. दुसऱ्या टोकाला, तुम्ही गप्प राहिलात तेव्हा त्या मुलीकडे तेच कोडे होते आणि ते सोडवायला सुरुवात कुठून करायची हे तिला तेव्हाही माहीत नव्हते.

अनेक वर्षे प्रात्यक्षिकांच्या खोलीत वावरल्यावर माझे मत असे झाले आहे, की चूक शोधून देणे हे मदतनिसाचे काम नाही. काय घडेल असे विद्यार्थ्याला वाटत होते आणि प्रत्यक्षात काय घडले, या दोहोंची फारकत ज्या जागी पहिल्यांदा झाली, त्या जागेपर्यंत त्याला आणून उभे करणे हे आपले काम आहे. तिथे पोहोचल्यावर बहुतेक वेळा तो स्वतःच 'अरे, हो!' म्हणतो, आणि त्या क्षणी सापडलेली चूक त्याची स्वतःची असल्यामुळे ती त्याच्या लक्षात राहते.

त्यासाठी 'चालत नाही' हे वाक्य आधी मोडावे लागते. त्यात तीन अगदी वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात : काहीच होत नाही, एरर येतो, किंवा उत्तर येते पण ते चुकीचे वाटते. म्हणून टेबलाजवळ गेल्यावर पहिला प्रश्न 'काय झाले?' असा न विचारता 'तुला काय यायला हवे होते?' असा विचारा. या प्रश्नाला उत्तर नसेल, तर अडचण फॉर्म्युल्यात किंवा कोडमध्ये नसून असाइनमेंट समजण्यात आहे, आणि मग संगणक बाजूला ठेवून कागदावर एक उदाहरण हाताने सोडवून घेणे हाच जवळचा रस्ता आहे.

एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण तो प्रत्येक सत्रात कुठल्या ना कुठल्या रूपात समोर येतो. असाइनमेंट अशी होती : बी२ पासून बी११ पर्यंत दहा रकमा, बी१२ मध्ये त्यांची एकूण बेरीज, आणि सी कॉलममध्ये प्रत्येक रकमेचा एकूण बेरजेतील वाटा. एका मुलाने सी२ मध्ये बी२ भागिले बी१२ असा फॉर्म्युला लिहिला. उत्तर बरोबर आले. सेलचा कोपरा धरून त्याने फॉर्म्युला खाली ओढला, आणि सी३ पासून सी११ पर्यंत '#डिव्ह/०!', म्हणजे शून्याने भागल्याची तक्रार, अशी रांग उभी राहिली. तो म्हणाला, "सर, पहिला बरोबर आहे आणि बाकीचे सगळे तेच आहेत, तरी शीट बिघडली." मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो (ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे) आणि त्याला सी३ वर क्लिक करून तिथला फॉर्म्युला मोठ्याने वाचायला सांगितले. "बी३ भागिले बी१३." मग सी४. "बी४ भागिले बी१४." मी विचारले, "बी१३ मध्ये काय आहे?" त्याने पाहिले. सेल रिकामा होता, म्हणजे शीटच्या लेखी शून्य. काही क्षण तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे वरचा बी२ जसा खाली सरकला, तसा खालचा बी१२ पण सरकला." त्याच्या डोक्यात 'फॉर्म्युला खाली ओढणे' म्हणजे 'तोच फॉर्म्युला पुन्हा लिहिणे' असे होते. स्प्रेडशीट मात्र फॉर्म्युल्यातला पत्ता 'माझ्यापासून इतक्या ओळी दूर' असा धरून चालते. हा फरक त्याने स्वतः वाचून काढला होता. त्यानंतर मी त्याला सांगितले, की जो पत्ता जागचा हलू नये असे वाटते, त्यातल्या ओळीच्या आकड्याआधी डॉलरचे चिन्ह देतात, म्हणजे बी$१२, आणि एक्सेलमध्ये फॉर्म्युला लिहिताना एफ४ दाबले की ही चिन्हे आपोआप येतात.

या प्रसंगात एक गोष्ट मी विचारून काढून घेतली आणि एक सरळ सांगून टाकली. तुमच्या 'किती सांगावे' या प्रश्नाचे माझे उत्तर या फरकात आहे. विद्यार्थ्याला समोरच्या पुराव्यावरून विचार करून गाठता येईल, ते सांगू नये. कितीही विचार केला तरी जे सापडण्यासारखे नाही, कारण ते कोणीतरी कधीतरी ठरवून टाकले आहे, ते अडवून धरू नये. डॉलरचे चिन्ह हा संकेत आहे. तो तर्काने सुचत नाही. तारखेच्या सेलमध्ये अचानक पंचेचाळीस हजारांच्या आसपासचा आकडा दिसला, तर एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या क्रमांकाने साठवते हे विद्यार्थ्याला कसे कळावे? तक्त्याच्या पहिल्या कॉलममध्ये मूल्य शोधून त्याच ओळीतले दुसरे मूल्य आणणाऱ्या व्हीलुकअप या फंक्शनचा चौथा भाग रिकामा सोडला तर ते तंतोतंत जुळणी न शोधता जवळपासची जुळणी शोधते आणि त्यासाठी पहिला कॉलम चढत्या क्रमाने लावलेला असावा लागतो, हेही वाचल्याशिवाय कळण्यासारखे नाही. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते, कारण हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (० आणि १ या दोनच अंकांच्या) पद्धतीत नेमके मांडता येत नाहीत. पहिल्या सत्राच्या मुलाला यावर तासभर झुरत ठेवण्यात काहीच शिकवण नाही. अशा गोष्टी एका वाक्यात सांगाव्यात आणि पुढे जावे.

एरर दिसणाऱ्या चुका त्यातल्या त्यात सज्जन असतात, कारण त्या स्वतःहून हाक मारतात. मला जास्त काळजी वाटते ती मुकाट्याने चुकीचे उत्तर देणाऱ्या शीटची. दुसरीकडून कॉपी करून आणलेल्या आकड्यांपैकी काही आकडे मजकूर म्हणून साठवले गेलेले असतात. दिसायला ते आकडेच असतात, पण सेलच्या डाव्या कडेला चिकटलेले असतात, तर खरे आकडे उजवीकडे असतात. सम या फंक्शनला अशा सेलांची रेंज दिली तर ते मजकूर वगळून बेरीज करते आणि कुठलीही तक्रार करत नाही. तेच सेल एक्सेलमध्ये अधिक चिन्हाने एकेक करून मिळवले तर बेरीज बरोबर येते. दोन पद्धतींनी दोन उत्तरे आलेली पाहून चक्रावलेल्या विद्यार्थ्याला 'हे आकडे मजकूर आहेत' असे लगेच सांगू नका. त्याला रेंज छोटी करायला सांगा : दहा सेलांऐवजी पाच सेलांची बेरीज, तोंडी हिशेबाशी पडताळून, ती जुळली तर उरलेल्या पाचांकडे वळायचे. दोन-तीन फेऱ्यांत तो नेमक्या सेलावर येतो, आणि मग कडेला चिकटलेला आकडा त्याच्या नजरेस पडतोच. निम्मे निम्मे करत जाण्याची ही युक्ती पुढे प्रोग्राममध्येही तशीच उपयोगी पडते, म्हणून ती शीटवर शिकवून ठेवावी.

विद्यार्थ्यांना अशा चुकांची लाज वाटते, तेव्हा मी त्यांना दोन घटना सांगतो. २०१० साली कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी सार्वजनिक कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधावर एक निबंध प्रसिद्ध केला. थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याने वर्गातली असाइनमेंट म्हणून त्यातले आकडे पुन्हा काढून पाहिले, ते जुळेनात, आणि मूळ शीट मिळाल्यावर असे दिसले की एका ठिकाणी सरासरीची रेंज ४९व्या ओळीऐवजी ४४व्या ओळीवर थांबली होती. त्यामुळे ५ देश हिशेबातून गळले होते. २०१३ मध्ये त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह हे प्रसिद्ध केले. निष्कर्षातल्या फरकाला केवळ ही एक चूक जबाबदार नव्हती, सरासरीला भार देण्याच्या पद्धतीवरही त्यांचा मोठा आक्षेप होता. पण रेंज अपुरी राहिल्याचे मूळ लेखकांनी मान्य केले. दुसरी घटना जनुकांच्या नावांची. 'मार्च१' आणि 'सेप्ट१' अशी संक्षिप्त नावे असलेली जनुके एक्सेलमध्ये टाइप केली की त्यांच्या तारखा होत, आणि संशोधकांच्या तक्त्यांत ही चूक इतकी पसरली की २०२० मध्ये नामकरण समितीने अशी नावेच बदलली. 'मार्च१'चे 'मार्चएफ१' झाले आणि 'सेप्ट१'चे 'सेप्टिन१'. हे ऐकल्यावर विद्यार्थी आपली शीट लपवायचे थांबतात, आणि शीट समोर आल्याशिवाय आपल्याला मदत सुरूच करता येत नाही.

आता प्रोग्रामिंगकडे येतो. इथे नवशिक्याच्या मनातली एक समजूत सर्व चुकांच्या मुळाशी असते. रॉय पी या संशोधकाने १९८६ मध्ये तिला 'सुपरबग' असे नाव दिले : संगणकाच्या आत कुठेतरी एक मन आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला कळते, असे नवशिक्याला नकळत वाटत असते. म्हणूनच तो स्वतःचा कोड वाचताना लिहिलेले वाचत नाही, मनात असलेले वाचतो. यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसला आहे, तो म्हणजे पेन्सिल आणि कागद घेऊन विद्यार्थ्याने स्वतः संगणक व्हायचे.

सर्वांत मोठी संख्या शोधण्याचा प्रोग्राम घ्या. एका मुलीने 'मोठी' नावाच्या व्हेरिएबलमध्ये (मूल्य ठेवायच्या नाव दिलेल्या जागेत) सुरुवातीला ० ठेवले होते आणि लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींत, प्रत्येक संख्या 'मोठी'पेक्षा मोठी असेल तर तिथे ती संख्या ठेवायची, असे लिहिले होते. ४, ९, २ या संख्यांवर उत्तर ९ आले आणि ती निश्चिंत झाली. असाइनमेंटमधल्या चाचणीत मात्र −७, −३, −१२ अशा संख्या होत्या आणि उत्तर आले ०. "यादीत शून्य नाहीच, मग हे शून्य आले कुठून?" असा तिचा प्रश्न होता, आणि तो उत्तम प्रश्न होता, मी तो तिलाच परत विचारला. मग तिने कागदावर तीन रकाने आखले : आलेली संख्या, अट खरी की खोटी, आणि 'मोठी'मध्ये आता काय आहे. पहिली ओळ : −७, अट खोटी, 'मोठी'मध्ये ०. दुसरी ओळ : −३, खोटी, ०. तिसऱ्या ओळीला पेन्सिल टेकवण्याआधीच ती थांबली. "ते शून्य मीच ठेवलेय." तिने लगेच शून्याच्या जागी −१०० लिहिले आणि प्रोग्राम चालला. इथे बरेच मदतनीस शाबासकी देऊन निघून जातात. मी एवढेच विचारले, "सगळ्या संख्या −२०० च्या खाली असतील तर?" तिने कागदाकडे पुन्हा पाहिले आणि थोड्या वेळाने यादीतली पहिली संख्याच सुरुवातीला 'मोठी'मध्ये ठेवली. या सगळ्याला सहा-सात मिनिटे लागली. मी ती ओळ बदलून दिली असती तर अर्ध्या मिनिटात काम झाले असते, हे मला मान्य आहे.

एरर मेसेजबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो : तो विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्या. बहुतेक मुले लाल अक्षरे दिसताच खिडकी बंद करतात किंवा तुम्हांला 'एरर आला' एवढेच सांगतात. पायथनचा मेसेज शेवटच्या ओळीपासून वाचायचा असतो, कारण काय झाले ते तिथे लिहिलेले असते, आणि कुठे झाले ते त्याच्या वरच्या ओळींत. नेमएरर म्हणजे हे नाव मला माहीत नाही, इंडेक्सएरर म्हणजे यादीत तेवढ्या जागा नाहीत, टाइपएरर म्हणजे या दोन प्रकारच्या गोष्टींवर ही क्रिया करता येत नाही. इतका शब्दकोश पहिल्या सत्राला पुष्कळ होतो. मात्र सिंटॅक्सएरर, म्हणजे भाषेच्या लेखननियमांची चूक, जी ओळ दाखवतो, तीच ओळ चुकलेली असेल असे नाही. वरच्या ओळीत कंस बंद करायचा राहिला असेल, तर जुन्या आवृत्त्या निर्दोष अशा पुढच्या ओळीवर बोट ठेवत, ३.१० या आवृत्तीपासून पायथन न मिटलेला कंस नेमका दाखवू लागला आहे. हेही सांगून टाकण्याच्या यादीतले.

पायथनमध्ये इनपुट घेतले की ते नेहमी मजकूर म्हणूनच येते आणि ५ व ३ यांची 'बेरीज' ५३ होते, हा अनुभव प्रत्येकाला येतो. तुमचा विद्यार्थी तिथे पोहोचला की त्याला डाव्या कडेला चिकटलेल्या त्या सेलांची आठवण करून द्या. शीटमध्ये भेटलेली अडचण इथे दुसऱ्या वेशात आलेली आहे. तुमच्या अभ्यासक्रमात दोन्ही विषय एकाच सत्रात आहेत, हा मी मोठा फायदा समजतो.

आता गर्दीचा प्रश्न. दहा हात वर असताना प्रत्येकाला सात मिनिटे देता येणार नाहीत, म्हणून हात वर करण्याआधी चिठ्ठीवर तीन ओळी लिहिण्याचा नियम करा : मी काय केले, काय यायला हवे होते, काय आले. तिसरी ओळ लिहितालिहिताच काही हात खाली जातात. ज्यांच्या चिठ्ठ्या सारख्या आहेत, त्यांना एकत्र बसवा आणि एकमेकांना आपला कोड ओळीओळीने समजावून सांगायला लावा. अट एकच, की दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. आणि असाइनमेंटला गुण असल्यामुळे कोणाला जास्त सांगितले गेले असा आक्षेप येऊ नये म्हणून, दाखवूनच द्यायची वेळ आली तर तीच चूक असलेले वेगळे छोटे उदाहरण कोऱ्या शीटवर किंवा नव्या फाइलमध्ये दाखवा. स्वतःच्या कामात ती कुठे आहे हे त्याला शोधू द्या. तरीही आदल्या दिवशीची गर्दी पूर्ण टळणार नाही. त्या दिवशी एखाद्याची ओळ तुम्ही बदलून दिलीत, तर त्याचे ओझे मनावर घेऊ नका. फक्त पुढच्या तासाला त्याला ती ओळ का बदलली हे विचारा, आणि विचारणार आहात हे आधीच सांगून ठेवा.

राहिली ती रडवेली होऊन गेलेली मुलगी. डेव्हिड पर्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्येच प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांचे निरीक्षण करून लिहिले होते, की अडचण आली की काही जण जागच्या जागी थांबतात आणि काही जण काहीतरी करत पुढे सरकत राहतात. सरकणाऱ्यांपैकी काही जण विचार न करता एकामागून एक ओळी बदलत सुटतात. अशांना हात धरून थांबवावे लागते : फाइलची प्रत काढून ठेव, एका वेळी एकच बदल कर, आणि तो केल्याने काय होईल ते आधी सांग. थांबणाऱ्यांशी मात्र याच्या उलट वागावे लागते, आणि तुमची विद्यार्थिनी मला थांबणाऱ्यांपैकी वाटते. तुमच्या मौनाचा अर्थ तिने 'मला हे येणार नाही' असा घेतला असणार. पुढच्या तासाला गर्दी होण्याआधी तिच्या टेबलाकडे जा, उभ्याने न बोलता शेजारी खुर्ची ओढून बसा, आणि चुकीबद्दल काहीही न विचारता 'आत्तापर्यंत यातले काय बरोबर चालते आहे, ते मला दाखव' एवढेच म्हणा. दहा ओळींपैकी चार ओळी चालत असतील, तर त्या चार ओळींची वेगळी फाइल करून ती तिच्याकडूनच चालवून घ्या. मग पाचवी ओळ तिला टाइप करू द्या, आणि एंटर दाबण्याआधी तिला विचारा, की आता पडद्यावर काय दिसेल.